वीस विरुद्ध चौदा

घरपट्टीत वाढ होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी आपल्या गावच्या ग्रामसभेचे सभागृह रविवारी सकाळी भरून जाते. एरवी पंचायतीची पायरी न चढणारी माणसे त्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर असतात आणि सरपंचाला घाम फोडतात. याच गावातील सरकारी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी शेजारच्या वाड्यावरील शाळेत विलीन करण्याचा विषय निघाला, की सरपंच, सचिव, दोन-चार पंच आणि दाराशी अवघडून उभे असलेले तीन पालक यांच्यापलीकडे कोणाची उपस्थिती नसते. पैशाचा प्रश्न सर्वांचा आणि शाळेचा प्रश्न ज्यांची मुले तिथे जातात त्यांचा, अशी वाटणी आपण केव्हातरी नकळत करून टाकली आहे. हे दोन प्रश्न जिथे एकाच मतपत्रिकेवर येतात, अशा एका दूरच्या गावाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. ती हकीकत आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. पण जिथे लागू पडते तिथे ती चांगलीच बोचते.

अमेरिकेच्या ईशान्येस न्यू हॅम्पशर नावाचे एक लहान राज्य आहे. ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा’ अशा अर्थाचे त्याचे ब्रीद तेथील मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवरही छापलेले असते. या राज्यात सरसकट विक्रीकर नाही, पगारावर प्राप्तिकर नाही. मग शाळा चालतात कशावर? मुख्यत्वे गावातील घराजमिनींवरील करावर. गावाच्या शाळेला येत्या वर्षी किती खर्च येणार याचे अंदाजपत्रक दरसाल गावकऱ्यांच्या सभेपुढे मांडले जाते, तेथेच त्यावर वाद होतो आणि तेथेच मतदान होते. जितका खर्च मंजूर होईल तितकी पट्टी घरमालकांवर बसते. ही परंपरा त्या टापूत फार जुनी. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ सालीच, पन्नास कुटुंबांच्या गावाने मुलांना लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक नेमलाच पाहिजे, असा कायदा केला होता. आपल्याकडे शिवाजीमहाराजांनी स्वराज्याची उभारणी नुकती आरंभिली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. गावाची शाळा ही गावाची जबाबदारी आहे, या कल्पनेला तिकडे इतकी खोल मुळे आहेत.

त्या राज्यात क्रॉयडन नावाचे जेमतेम आठशे वस्तीचे एक गाव आहे. गावाची स्वतःची लहानशी शाळा चौथीपर्यंतची. त्यापुढची मुले आसपासच्या गावांतील शाळांत जातात आणि त्यांची फी क्रॉयडनचे करदाते भरतात. सगळी मिळून मुले ऐंशीच्या आसपास आणि वर्षाचे अंदाजपत्रक सुमारे सतरा लाख डॉलरचे. १२ मार्च २०२२ रोजी, बर्फाच्या दिवसांत, गावची वार्षिक शाळा-सभा भरली. दरवर्षीप्रमाणे अंदाजपत्रक मांडले जाईल, थोडी कुरकुर होईल आणि ते मंजूर होऊन माणसे घरी जातील, अशीच सर्वांची अपेक्षा होती. परंतु गावच्या कारभारी मंडळातील एका सदस्याने उभे राहून उपसूचना मांडली: सतरा लाख नकोत, आठ लाख करा. दर मुलामागे दहा हजार डॉलर पुरेत, हा त्यांचा हिशोब. ‘अंदाजपत्रक की खंडणी?’ अशा मथळ्याचे एक टिपणही त्यांनी सोबत आणले होते. उपसूचनेवर मते घेतली गेली. बाजूने वीस, विरुद्ध चौदा. आठशे वस्तीच्या आणि साडेपाचशेहून अधिक मतदारांच्या गावात चौतीस माणसांनी दुपारच्या एका सभेत मुलांच्या शिक्षणाचा निम्म्याहून अधिक पैसा कापून टाकला, आणि त्यात बेकायदा असे काहीही नव्हते.

हे करणारी माणसे कोण होती हेही सांगितले पाहिजे. सरकारने माणसाच्या आयुष्यात आणि खिशात शक्य तितका कमी हात घालावा, असे मानणाऱ्या मंडळींनी २००१ साली ‘फ्री स्टेट प्रोजेक्ट’ नावाची एक चळवळ सुरू केली. समविचारी लोकांनी एखाद्या लहान राज्यात जाऊन वस्ती करावी आणि मतांच्या बळावर तेथील कारभार आपल्या विचाराप्रमाणे वळवावा, ही त्यांची योजना. २००३ साली त्यांनी न्यू हॅम्पशरची निवड केली. लहान गाव, लहान सभा, तुरळक उपस्थिती! संघटित माणसांना याहून सोयीचे क्षेत्र कोणते? त्यांच्या विचारांशी आमचा मतभेद आहे, पण त्यांना दोष देण्यात हशील नाही. ते सभेला आले होते. जे आले नाहीत त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

सकाळी गाव जागे झाले तेव्हा परिस्थितीची कल्पना आली. वरच्या इयत्तांतील मुलांची फी भरावयाची तर दहा हजारांवरचा फरक पालकांनी खिशातून घालावा लागणार होता. खालच्या इयत्तांच्या शाळेत पगारी शिक्षकांऐवजी काहीतरी स्वस्तातली व्यवस्था करावी लागणार होती. कोणीतरी कायद्याची पुस्तके चाळली. पुरेशा मतदारांनी अर्ज केल्यास खास सभा बोलावता येते, अशी तरतूद सापडली. मात्र त्या सभेत नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केले, तरच मार्चचा निर्णय फिरवता येणार होता. म्हणजे २८३ माणसे हवीत. त्याहून एक कमी भरली तरी सारे मुसळ केरात. या मोजणीत विरोध करावयाचा तर सभेला येण्याचीही गरज नव्हती. घरी बसणे हेच विरोधी मत होते. मग गावात दूरध्वनी खणखणू लागले. डावे-उजवे, जुने-नवे, मूल असलेले आणि मूल नसलेले एकमेकांच्या दारी गेले, रस्त्याकडेला फलक लागले. ७ मे २०२२ रोजी सभा भरली. आले ३७९. सतरा लाखांचे अंदाजपत्रक परत आणण्याच्या बाजूने ३७७ आणि विरुद्ध फक्त २.

या आकड्यांनी हुरळून जाणे सोपे आहे. लोकशाहीचा विजय, जागृत जनता, इत्यादी विशेषणे तयारच असतात आणि त्या वेळी अमेरिकेतील वृत्तपत्रांनी ती वापरलीही. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. शाळेचा पैसा तोडण्यास वीस माणसे पुरली. तोच पैसा परत जोडण्यास २८३ माणसांची पूर्वअट लागली. मोडणे स्वस्त आणि उभारणे महाग, ही निसर्गाची रीत असेल, पण कायद्याची रीत तशी का असावी? मार्चच्या सभेला गणसंख्येची अट नव्हती आणि मे महिन्याच्या सभेला ती डोंगराएवढी होती. सभेचे नियम ठरविणारे लोक बहुधा असे गृहीत धरतात की नेहमीच्या सभेत नेहमीचेच निर्णय होतील. एखाद्या वर्षी नेहमीच्या सभेत अघटित घडते, तेव्हा त्या गृहीतकाची किंमत कळते.

करदात्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तीत अजिबात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरावरील कर हा माणसाच्या मिळकतीवर बसत नाही, त्याच्या छपरावर बसतो. नवऱ्यामागे तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर राहणारी बाई आणि तिच्या शेजारचा भरभक्कम पगारदार यांची घरे सारखीच असतील तर पट्टीही सारखीच. भोवतालच्या जमिनीचे भाव वाढले की तिच्या घराची किंमत कागदोपत्री वाढते, तिच्या पेटीतला पैसा मात्र आहे तेवढाच राहतो. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात हेच झाले आणि जून १९७८ मध्ये तेथील मतदारांनी ‘प्रपोझिशन तेरा’ संमत करून घराजमिनीवरील कर किमतीच्या एक टक्क्याला आणि करपात्र किमतीची वार्षिक वाढ दोन टक्क्यांना बांधून टाकली. मॅसॅच्युसेट्सने १९८० साली अशीच एक मर्यादा घातली. न्यूयॉर्क राज्याने २०११ साली कायदा करून शाळांसाठीच्या करवाढीला साधारण दोन टक्के किंवा महागाईचा दर यांपैकी जे कमी असेल त्याची वेसण घातली. ती ओलांडावयाची असेल तर मे महिन्यातील मतदानात साठ टक्के मते मिळवावी लागतात. या साऱ्या चळवळींत कंजूषपणा होता तसे खरे दुःखही होते.

आणखी एक गोष्ट आहे. मध्यवर्ती सरकार संरक्षणावर किती खर्च करते, राज्य सरकार महामार्गांवर किती उधळते, यावर सामान्य माणसाला थेट मत देता येत नाही. ज्या ठिकाणी ‘हा खर्च मला मान्य नाही’ असे छातीठोकपणे म्हणता येते आणि ते मोजले जाते, असे ठिकाण बहुतेकदा एकच: गावच्या शाळेचे अंदाजपत्रक. परिणामी साऱ्या करांवरचा राग शाळेवर निघतो. २०१० साली न्यू जर्सीत अर्ध्याहून अधिक शाळांची अंदाजपत्रके मतदारांनी फेटाळली. त्या सगळ्या गावांना आपल्या शाळांचा एकदम तिटकारा आला असेल, असे आम्हांस वाटत नाही. वड्याचे तेल वांग्यावर, एवढेच.

इथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, मग काय, आपल्याकडेही घरपट्टीवर शाळा चालवा, म्हणजे लोक आपोआप ग्रामसभेला येतील. आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. का, ते सांगण्यासाठी टेक्सासमधील सान अँटोनियो शहरात जावे लागेल. त्या शहरात एजवूड नावाचा एक शाळा-विभाग होता. दहापैकी नऊ मुले मेक्सिकन वंशाची, वस्ती कष्टकऱ्यांची. शहरातच अलामो हाइट्स नावाचा दुसरा विभाग होता, सुखवस्तू गोऱ्यांचा. एजवूडमध्ये दर मुलामागे करपात्र मालमत्ता सुमारे ५,९६० डॉलरची, अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांहून अधिक. एजवूडच्या गरिबांनी दर शंभर डॉलर किमतीमागे १.०५ डॉलर कर स्वतःवर बसवून घेतला, अलामो हाइट्सच्या श्रीमंतांनी फक्त ०.८५. तरीही पदरात काय पडले? १९६७-६८ साली एजवूडच्या करातून दर मुलामागे निघाले २६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या करातून ३३३. जास्त दराने कर भरणाऱ्याच्या मुलाला बारावा हिस्सासुद्धा नाही. देमेत्रिओ रॉड्रिग्ज या पालकाने व त्याच्या सोबत्यांनी १९६८ साली यावर दावा लावला. मार्च १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. शिक्षण हा त्या देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असे बहुमताने ठरविले. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. ज्याने वकील म्हणून वर्णभेदी शाळांविरुद्धचा खटला १९५४ साली जिंकला, त्याच माणसाला गरीब शाळांचा खटला न्यायासनावर बसून हरलेला पाहावा लागला.

न्यू हॅम्पशरमध्येही हेच दुखणे आहे. जुन्या गिरण्यांचे क्लेअरमाँट हे गाव आणि त्याच्यासारखे आणखी चार गरीब शाळा-विभाग न्यायालयात गेले. मुलांना पुरेसे शिक्षण देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले, आणि गावागणिक इतक्या भिन्न दरांच्या करावर ते कर्तव्य ढकलणे घटनाबाह्य आहे, असे १९९७ साली. राज्याने १९९९ मध्ये राज्यभर एकच शिक्षणकर बसविला, तेव्हा सरोवरांच्या व समुद्राच्या काठची धनिक गावे संतापली. आमचा पैसा दुसऱ्यांच्या मुलांना का, हा त्यांचा सवाल. त्या गावांना ‘दाती गावे’ म्हणत. सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांवर भरपूर कर गोळा होतो आणि शाळेत मुले थोडी, म्हणून कराचा दर कमी; डोंगरातल्या गावात घरे पडकी आणि मुले भरपूर, म्हणून दर चढा. बार्देशच्या किनाऱ्यावर बंद दारांचे बंगले पाहिलेल्या आणि सत्तरी-सांग्यात मुलांना मैलोगणती चालत शाळेला जाताना पाहिलेल्या वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. कळंगुटच्या घरपट्टीवर कळंगुटची शाळा आणि नेत्रावळीच्या घरपट्टीवर नेत्रावळीची शाळा, असा न्याय उद्या आपण लागू केला, तर नेत्रावळीत एजवूडच होईल.

आपल्याकडे हा विचार कोणी केलाच नव्हता असे नाही. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यातली तक्रार नेमकी हीच होती की कष्टकरी रयतेच्या घामातून महसूल निघतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. त्यानंतर तीस वर्षांनी आमच्याच कोकणातील कोतळूकच्या मातीत जन्मलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात आणले. त्यातली आर्थिक मांडणी आजही वाचण्यासारखी आहे. सक्ती करावी की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवावे, हवे तर तिने शिक्षणपट्टी बसवावी, मात्र खर्चाचा एक भाग तिने उचलला तर दोन भाग सरकारने उचलावेत. गावाचा हात लागावा, पण गावाच्या दारिद्र्याने मुलाची पाटी फुटू नये, असा तो तोल होता. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक पडले. सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी जमीनदारही विरोधात होते, कारण पट्टी त्यांच्यावर बसणार होती. क्रॉयडनची उपसूचना आपल्याकडे एकशेदहा वर्षे आधी मांडून झाली आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही प्रतिवाद करणार नाही.

गोमंतकाची कथा निराळी. आपल्या जुन्या गांवकरीत सामाईक जमिनीचे उत्पन्न आधी गावाच्या सामाईक गरजांना जाई आणि उरलेले जण म्हणून वाटले जाई. म्हणजे आधी गाव, मग घर. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेच्या. मराठी शिकावयाचे तर ते हिंदू समाजाने आपल्या पदरच्या खर्चाने शिकावे, अशी स्थिती. देवळांच्या अग्रशाळांत, सावकाराच्या ओसरीवर, पंतोजीला शिधा देऊन ती विद्या टिकवली गेली. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच तो इतिहास आहे. घरोघरच्या मूठमूठ तांदळावर शाळा! कोणी कायदा केला नव्हता, वसुलीला शिपाई येत नव्हता, आणि न देणाऱ्याच्या घरावर जप्ती येत नव्हती. ती मूठ हीच त्या काळची शिक्षणपट्टी आणि ती बाजूला काढणारी घरची बाई हीच त्या काळची मतदार. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा उघडल्या, शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागले, आणि बहुजनसमाजाच्या दोन पिढ्या त्या शाळांतून वर आल्या. हे योग्यच झाले. मुठीच्या तांदळावर गावोगावी शाळा उभ्या राहिल्या नसत्या. पण मूठ सुटली तिच्याबरोबर दुसरेही काहीतरी सुटले. शाळेचे कौल फुटले तर ते काम बांधकाम खात्याचे, मास्तर आला नाही तर ते काम शिक्षण खात्याचे, पट घसरला तर ते काम नशिबाचे, आणि गाव प्रेक्षक.

आज गोव्याच्या नागरिकाला विचारा, तुमच्या वाड्यावरच्या शाळेचा वर्षाचा खर्च किती? त्याला सांगता येणार नाही. शाळेचा खर्च शिक्षण खात्याच्या हिशोबात, घरपट्टी पंचायतीच्या हिशोबात, आणि या दोन वह्या एका टेबलावर कधी येत नाहीत. तो शिक्षणासाठी कर देत नाही असे मात्र नाही. २००४ पासून केंद्र सरकार प्राप्तिकरावर शिक्षण उपकर घेत आले आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो चार टक्के झाला. शेजारच्या महाराष्ट्रात तर १९६२ च्या कायद्याने शहरांतील मालमत्तेवरही शिक्षण उपकर आहे. तो पालिकेने गोळा करावयाचा आणि राज्य सरकारच्या तिजोरीत भरावयाचा. पैसा गावातून निघतो, पण कोणत्या शाळेच्या कोणत्या फळ्यापर्यंत पोचला हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. क्रॉयडनच्या त्या वीस माणसांना निदान हे ठाऊक होते की आपण नेमका कोणता पैसा, कोणत्या मुलांचा, किती कापीत आहोत.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शाळेचा खर्च राज्याच्या तिजोरीतूनच व्हावा; यात तसूभरही बदल नको. पण शाळेचा हिशोब आणि शाळेचे भवितव्य ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर दरवर्षी आलेच पाहिजे. यासाठी नवा कायदा करावयाची आवश्यकता आहे असेही नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांचा विषय पंचायतींकडे सोपवता येण्याजोगा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. राज्याने तो सोपवावयाचा की नाही, हा इच्छेचा प्रश्न. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती सांगितली, तीत पाऊण सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले. या समितीने शाळेचा विकास आराखडा करावयाचा आणि सरकारी अनुदानाचा पाया तो आराखडा असावयाचा, हेही त्याच कायद्यात आहे. हा आराखडा गावच्या ग्रामसभेत किती ठिकाणी वाचून दाखवला जातो, हे वाचकांनी आपापल्या गावापुरते पाहावे. पट किती, शिक्षक किती, कोणता वर्ग गळतो, मागच्या वर्षी काय मागितले होते आणि काय मिळाले, एवढे चार आकडे मोठ्याने वाचायला दहा मिनिटे लागत नाहीत. डोंगरकापणीवर आणि मेगा प्रकल्पांवर तासन् तास झुंजणाऱ्या आपल्या ग्रामसभांना ही दहा मिनिटे जड होऊ नयेत.

दुसरी सूचना गणसंख्येविषयी. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करावयाची आणि थोड्या वेळाने आहे त्या माणसांवर ती पुन्हा चालू करावयाची, ही रीत आपल्या सभासंस्थांत सर्वपरिचित आहे. किरकोळ कामांना ती चालेल. शाळा बंद करणे किंवा विलीन करणे हे किरकोळ काम नव्हे. तो निर्णय एकदा झाला की खोल्या अडगळीच्या होतात, पुढे त्यांत दुसरेच काहीतरी थाटले जाते आणि शाळा परत उघडत नाही. न्यू हॅम्पशरने अट चुकीच्या सभेला लावली. आपण ती योग्य सभेला लावावी. शाळा चालू ठेवण्यासाठी कोणत्याही अटीची गरज नसावी. ती बंद करावयाची असेल, तर शिक्षण खात्याने कागदावरची पटसंख्या दाखवून मोकळे न होता, गावच्या मतदारांपैकी ठरावीक मोठा भाग उपस्थित असलेल्या खास ग्रामसभेचा ठराव घ्यावा. इतकी माणसे जमली नाहीत तर शाळा चालू राहील. सरकारला हे गैरसोयीचे वाटेल. दोन-चार मुलांसाठी दोन शिक्षक किती काळ पोसावयाचे, असा रास्त प्रश्न अर्थखाते विचारील. त्याचे उत्तरही त्या सभेतच मिळाले पाहिजे, आणि गावाने ‘बंद करा’ असे उत्तर दिले तर ते आम्हांलाही मान्य करावे लागेल. मात्र ते उत्तर गावाने तोंड उघडून दिलेले असावे.

याच ठिकाणी एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. मराठी प्राथमिक शाळा ओस पडत आहेत, संस्कृतीचे काय होणार, अशी कळकळीची पत्रे आमच्याकडे सातत्याने येतात आणि आम्ही ती छापतो. त्या पत्रलेखकांपैकी कितीजणांची नातवंडे सकाळी सातच्या पिवळ्या बसने शहरातल्या इंग्रजी शाळेत जातात, हे आम्ही विचारीत नाही. विचारावे असे मनात मात्र येते. माध्यमावरून १९९० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये या राज्यात केवढे रण माजले! मोर्चे निघाले, बंद झाले, भाषणांना ऊत आला. अनुदान कोणत्या भाषेला द्यावे यावर आम्ही सर्व तावातावाने भांडलो. ज्या शाळांचे नाव घेऊन भांडलो, त्या शाळांच्या पालकसभेला त्या वर्षांत किती लोक गेले? मूल कोणत्या शाळेत घालावे हा पालकाचा अधिकार आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. पण ज्याचे मूल त्या शाळेत नाही त्याचेही त्या शाळेशी नाते असते. ७ मेच्या सभेत आलेल्या ३७९ लोकांपैकी अनेकांना शाळेत जाणारे मूल नव्हते. गावात मुले मुळात ऐंशी, आणि मते ३७७. हिशोब सरळ आहे. शेजाऱ्याच्या मुलाची फी आपल्या छपरावर बसावी म्हणून हात वर करायला ते आले होते.

या महिन्यात पुष्कळ पंचायतींच्या ग्रामसभा आहेत. कचरा, पाणी, रस्त्यावरचे दिवे आणि घरपट्टी हे विषय नेहमीप्रमाणे येतीलच, आणि घरपट्टीवर नेहमीप्रमाणे आवाजही चढेल. पावती हातात घेऊन जाब विचारावा, तो नागरिकाचा हक्कच आहे. त्याच वेळी कोणीतरी उठून सचिवांना एवढेच विचारावे, की आपल्या शाळेचा यंदाचा पट किती आणि व्यवस्थापन समितीचा आराखडा कुठे आहे. आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.